स्टेअरिंग वाजतंय? आधी रॅकला हात लावू नका

इलेक्ट्रिक गाडी घेतली की थोड्याच दिवसांत ठरलेला प्रश्न येतो: "स्टेअरिंग फिरवलं की टक्-टक् वाजतंय, रॅक गेला का?" (रॅक म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा भाग.) अहो, जुन्या गाडीतही असंच वाजत होतं, इंजिनाच्या घरघरीत ते ऐकू यायचं नाही इतकंच. इंजिनच नाही म्हटल्यावर बुश (सांध्यांतली रबरं), बेअरिंग, टायर, ब्रेक पॅड, सगळ्यांनाच कंठ फुटलाय. यातला प्रत्येक आवाज दुखण्याचा नसतो. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना येणारी बारीक गुणगुण ही पॉवर स्टेअरिंगच्या मोटरची. गुळगुळीत फरशीवर वळताना चिरकतात ते टायर. त्यांच्यापायी पाना हातात घेऊ नका.

आवाज ऐकून पार्ट मागवणं

सगळ्यात महागडी चूक हीच, आणि ती मी स्वतः केली आहे. एक गाडी आली होती. हळू वेगात वळताना आणि खड्ड्यात चाक गेलं की खट्ट, आणि तो खट्ट थेट स्टेअरिंग धरलेल्या हाताला लागायचा. हाताला लागतोय म्हणजे रॅकच, असा माझा सरळ हिशेब. रॅक उतरवला, नवा चढवला, अलाइनमेंट केलं, ट्रायल घ्यायला बाहेर पडलो आणि पहिल्याच वळणावर खट्ट. पोटात गोळा आला.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. गाडी जमिनीवर, चाकांवर पूर्ण वजन. मदतनीसाला आत बसवून स्टेअरिंग सावकाश डावी-उजवीकडे फिरवायला लावलं आणि मी पुढच्या स्प्रिंगवर बाहेरून तळवा टेकवला (बोटं वेटोळ्यांत घालायची नाहीत). स्प्रिंग जरा फिरायची, अडायची आणि एकदम उसळून सुटायची. तळव्याला सरळ झटका. वरच्या स्ट्रट माउंटचं (स्प्रिंग-शॉकअप वर गाडीला जिथे बसतात तिथलं) बेअरिंग जाम, त्यातलं रबरही बसलेलं. रॅकच्या मानाने तो पार्ट म्हणजे किरकोळ खर्च. रॅकचे पैसे अर्थातच माझ्या खिशातून गेले.

तेव्हापासून मी कानावर विश्वास ठेवत नाही. रॅक, शॉकअप, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) शेवटी एकाच सांगाड्याला जोडलेले असतात, आणि लोखंडातून आवाज कुठूनही कुठे जातो. हात लावला की जागा कळते. आणि हात लावण्याआधी एकच विचारायचं: आवाज *कधी* येतो?

फुल वळवून अॅक्सिलरेटर दिला की कट-कट-कट येते आणि वेगाबरोबर वाढते? पुढच्या चाकांना मोटर असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा (मोटरचा जोर चाकाला देणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाकडचा सांधा. मोटर फक्त मागे असेल तर पुढे ड्राइव्ह शाफ्टच नसतो, तरी लोक तिथे वाकून शोधत बसतात! अॅक्सिलरेटर सोडताच धप्प होतं? रिजनरेशनमुळे (मोटरच ब्रेक लावून बॅटरी भरते) गाडीचा जोर झटक्यात उलटा फिरतो. आधी लोअर आर्मचे बुश बघा. स्टेअरिंगच्या चक्रातूनच कागद चुरगळल्यासारखी सरसर येते? बहुतेक क्लॉक स्प्रिंग (चक्रातल्या एअरबॅग-हॉर्नची गुंडाळलेली वायर). चाक जॅकवर घेऊन 9 आणि 3 वाजण्याच्या जागी धरून हलवा: खेळ असेल तर संशय टाय रॉडवर (रॅकपासून चाकाकडे जाणारा दांडा). 12 आणि 6 वर खेळ असेल तर बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा सांधा) किंवा व्हील बेअरिंग.

स्प्रेचा डबा

यावर मला राग आवरत नाही. करकर आली की वंगणाच्या स्प्रेला नळी लावून फुस्स, आणि दोन दिवस शांतता. तेवढ्यात "दोन मिनिटांत दुरुस्ती" म्हणून व्हिडिओसुद्धा टाकून होतो. तो पातळ स्प्रे फाटक्या रबरातून जॉइंटमध्ये शिरला तर उरलंसुरलं ग्रीस धुऊन नेतो. डिस्कवर उडाला तर ब्रेकची वाट. मी साधं पाणी वापरतो. एका वेळी एकाच बुशवर पाणी मारायचं, गाडी हलवायची. करकर थांबली तर चोर सापडला. पाणी वाळलं की ती परत येते, त्यामुळे काम झालं अशी फसगतही होत नाही.

बुश बदलल्यावर नवीच करकर सुरू झाली तर दोष बहुधा पार्टचा नसतो. चाकं लटकत असताना बोल्ट पूर्ण आवळलेले असतात. मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, वाजतं आणि लवकर फाटतं. बोल्ट नुसते धरवा, गाडी चाकांवर उतरवा, मग ठरलेल्या टॉर्कला आवळा. दहा मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

स्टेअरिंगचा शाफ्ट सोडवायचा असेल तर चाकं सरळ ठेवून चक्र सीट बेल्टने बांधून टाका. मोकळं चक्र गरागरा फिरलं की क्लॉक स्प्रिंग तुटते. एअरबॅगजवळ हात घालण्याआधी गाडी पूर्ण बंद, 12 व्होल्टच्या बॅटरीचा निगेटिव्ह सुटा, आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ गुपचूप थांबायचं. जॅक ठरवून दिलेल्या जागीच. बॅटरी पॅकखाली कधीच नाही. केशरी (हाय व्होल्टेजची) केबल दिसली की हात मागे.

आणि चाक काढलंच आहे तर डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकलाय का ते बघा. वळताना घर्र-घर्र येते म्हणून एक जण व्हील बेअरिंग बदलायचं ठरवूनच आला होता, नवं बेअरिंग सोबत घेऊन. मी पत्रा जरासा वाकवला, खडा खाली पडला. बेअरिंग तो अजून परत करायला गेलेला नाही.