पैठणी बघताना या चुका टाळा

पैठणी समोर आली की आपल्याकडे पहिला प्रश्न "केवढ्याला पडली?" आणि दुसरा "जरीची तार खरी आहे ना?" विकत घ्यायची असेल तर विचारा बिनधास्त, पण डिझाईन बघायला शिकायचं असेल तर हे दोन्ही जरा बाजूला ठेवा, कारण एकदा आकडा कळला की सगळं लक्ष तिकडेच जातं.

दुसरी चूक म्हणजे नाव घेऊन मोकळं होणं. हा मोर, हा मुनिया म्हणजे पोपट, ही असावली म्हणजे फुलांची वेल, झालं, पुढची दाखवा! अहो, बांगडी मोर असेल तर तो त्या गोलात बसवलाय कसा ते बघा ना, मान कुठे वळवलीय, पिसारा कुठे आवरता घेतलाय, आणि मोर नि बांगडीच्या मधे जी जागा उरते तिचा आकार कसा आहे. मला विचाराल तर भारी पैठणी आणि ठीकठाक पैठणी यातला फरक या मधल्या जागेतच कळतो. ती नीट सुटली असेल तर भरलेला पदरही मोकळा वाटतो, नाहीतर नुसती गिचमिड, मग मोर कितीही असोत.

सगळ्यात जास्त गैरसमज नक्षीच्या कडांबद्दल. वेलीचं वळण जवळून बघितलं की पायऱ्या पायऱ्या दिसतात आणि लोकांना वाटतं काम कच्चं आहे. तसं नाहीये. हातमागावर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मोजून नक्षी भरतात, प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी कांडी, रंग बदलतो तिथे शेजारचे धागे एकमेकांत अडकवायचे, मग गोल वळण पायऱ्यांनीच काढावं लागणार. बघायचं ते हे की पायऱ्या लांब-आखूड करून वळण किती सफाईने घेतलंय. याच पद्धतीमुळे मागची बाजूही जवळपास पुढच्यासारखीच दिसते. लोक ती फक्त अस्सल-नक्कल ओळखायला उलटतात, पण उलट्या बाजूने मोराचं तोंड दुसरीकडे होतं आणि कुठला कोपरा जड झालाय ते पटकन लक्षात येतं.

आणि फक्त पदर बघून घडी घालू नका, अंगावरच्या बुट्ट्यांमधलं अंतर आणि काठाची रुंदी एकमेकांना शोभतायत का तेही बघा. धूप-छाव असेल तर फोनवरच्या फोटोवर जाऊ नका, ताणा एका रंगाचा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, दुसऱ्या रंगाचा, कापड हललं तरच दोन्ही रंग दिसतात.

एवढं करूनही सगळं सारखंच दिसत असेल तर पदराचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा, रंग गेला की नुसती मांडणी उरते. किंवा गणिताच्या चौकटीच्या वहीत चौकोन भरून एक कुयरी काढून बघा, टोकाशी वळवताना घाम फुटेल. येवल्याला जाणं झालंच तर शोरूमच्या आधी माग बघा, आणि विणकरदादांना हातातलं काम संपल्यावरच प्रश्न विचारा.