दगड तोच, कोन बदलला आणि चाकूला धार आली

खिशातल्या फोल्डिंग चाकूला काही केल्या धार लागेना, अर्धा अर्धा तास १००० ग्रिटच्या (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दगडावर घासायचो आणि तरी कागद कापायच्या ऐवजी फाटायचा, मला वाटलं स्टीलच हलकं असणार. शेवटी काळ्या मार्करने धारेचा उतार रंगवला, दगडावर दोनच हात मारले आणि उजेडात धरलं तर वरची शाई गेलेली, पण अगदी कडेची काळी रेघ जशीच्या तशी. म्हणजे पातं फार आडवं पडत होतं, दगड धारेपर्यंत पोचतच नव्हता.

मग पातं जरा उचललं, साधारण २० अंश, आणि आधी ४०० ग्रिट घेतला, कारण पार बोथट धारेला १००० वर नुसता वेळ जातो. एकाच बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला बर, म्हणजे धातूची दुमडलेली बारीक कड, येईपर्यंत. अंगठा पात्याच्या पाठीकडून कडेबाहेर हलकाच सरकवायचा, धारेच्या लांबीने अजिबात नाही, की बारीक खरखर लागते. माझ्या पात्यावर ही बर टोकाजवळ तुटत होती, तिथे पातं वळतं म्हणून मूठ थोडी वर घ्यावी लागते. मग दुसरी बाजू, मग १००० वर हलक्या हाताने, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढलं.

आता कागद सरळ कापला जातो. शिकारीच्या चाकूला मात्र मी २५ अंशापर्यंत जातो, हाडाला लागलं की बारीक कोनाची धार लगेच मुडपते.