पॉइंट २२ रायफलसाठी स्वस्त रेड डॉट: घेण्याआधीची तयारी

रेड डॉट म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी, नेम धरायची साइट. सगळ्यात आधी रेड डॉट कशासाठी हवा ते ठरवा. स्पर्धेसाठी हवा असेल तर घेऊच नका. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) ५० मीटर रायफल प्रकारात तो चालत नाही. आपल्या इंदूरच्या शेजारच्या खरगोनचा नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेमबाजी) खेळतो तोही पीप साइटवरच, म्हणजे बारीक भोकातून बघायच्या साइटवर. रेंजवरचा सराव, २५ ते ५० मीटरवर पटापट नेम धरणं किंवा नव्या माणसाला शिकवणं, यासाठी मात्र तो फार उपयोगी. चाळिशीनंतर मागची खाच, पुढचं टोक आणि टार्गेट ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. रेड डॉटमध्ये फक्त टार्गेटकडे बघायचं असतं.

मग रायफलचा माथा, म्हणजे साइट बसते तो वरचा भाग, मोजा, कारण बहुतेक खरेदी इथेच फसते. पॉइंट २२ वर साधारण ११ मिलिमीटरची डोव्हटेल (तिरप्या कडांची लांब) खाच असते, आणि स्वस्त रेड डॉट येतात ते वीव्हर किंवा पिकाटिनी रेलवर, म्हणजे आडव्या खाचांच्या पट्टीवर बसणारे. पिकाटिनीच्या आडव्या खाचा ५.२३ मिलिमीटर रुंद आणि ठरलेल्या अंतरावर असतात, वीव्हरच्या अरुंद. त्यामुळे वीव्हरचं माउंट (साइट रायफलवर धरून ठेवणारी पकड) पिकाटिनीवर बसतं, उलटं बसेलच असं नाही. ‘११ मिलिमीटर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खाचाही थोड्या कमीजास्त निघतात, तेव्हा कॅलिपरने मोजून आकडा लिहून न्या. माथ्यावर खाचच नसेल तर रेल बसवून घेण्याचं काम परवानाधारक बंदूक कारागिराचं. घरी ड्रिल मशीन हातात घेऊ नका. माउंट शक्य तितकं बुटकं निवडा. रेड डॉट उंच बसला की गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि डोळा दर वेळी वेगळ्या जागी जातो.

ठिपक्याचा आकार एमओएमध्ये (मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग) सांगतात. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर, ५० मीटरवर जवळपास दीड. म्हणजे ५० मीटरवर २ एमओएचा ठिपका २९ मिलिमीटर झाकतो, आणि तिथल्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ आहे अवघं १०.४ मिलिमीटरचं. ६ एमओएचा ठिपका जवळच्या लोखंडी पाट्यांना ठीक, कागदावर ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) काढायला निरुपयोगी. २ किंवा ३ एमओए घ्या. बुशनेल टीआरएस-२५ मध्ये ३ एमओएचा ठिपका असतो, व्होर्टेक्स क्रॉसफायरमध्ये २ एमओएचा. दोन्हींत सीआर२०३२ हा बटणासारखा चपटा सेल. तुलना करायची तर या दोन नावांपासून सुरुवात करता येईल.

पॉइंट २२ चा धक्का नाममात्र, म्हणून ‘मोठ्या कॅलिबरचा धक्का सोसतो’ या गुणासाठी जादा पैसे मोजू नका. तेच पैसे चांगल्या माउंटवर घाला. मात्र हाच रेड डॉट पुढे स्प्रिंगच्या एअर रायफलवर चढवायचा विचार असेल तर विक्रेत्याला स्पष्ट विचारा. तिचा पिस्टन मागे आणि पुढे असे दोन धक्के देतो, आणि त्यात स्वस्त साइट लवकर सैल होते.

दुकानात तीन गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. साइट टेबलावर घट्ट टेकवून रस्त्यापलीकडच्या पाटीवर ठिपका आणा आणि साइटला हात न लावता डोकं हळूहळू वरखाली, डावीउजवीकडे हलवा. ठिपका पाटीवरून जेवढा भटकेल तेवढी चूक गोळीत उतरेल. थोडा हलणारच, पण कडेकडे पळत सुटला तर ती साइट ठेवून द्या. दुसरं, ठिपका चांदणीसारखा किंवा स्वल्पविरामासारखा फाटलेला दिसला तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. कॅमेऱ्यात गोल दिसत असेल तर दोष डोळ्यातल्या सिलिंडर नंबरचा (अस्टिग्मॅटिझमचा) आहे. आधी चष्मा तपासा. तिसरं, बाहेर उन्हात या. मे महिन्यातल्या इंदूरच्या दुपारी पांढऱ्या भिंतीवर ठिपका दिसला पाहिजे, आणि सर्वांत मंद पायरीवर सावलीत तो डोळ्यात खुपता कामा नये.

पावसाळ्यातही सराव करणार असाल तर बंद नळीचाच, म्हणजे दिवा आत बंद असलेला रेड डॉट घ्या. उघड्या प्रकारात पाण्याचा थेंब किंवा धुळीचा कण दिव्यावर बसला की ठिपका विस्कटतो. सीआर२०३२ राजवाड्याजवळच्या कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो, पण आपोआप बंद होण्याची सोय नसेल तर विसरलेला रेड डॉट सेल संपवतो. एक जादा सेल पिशवीत ठेवाच.

बसवताना रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) काढा. खाच आणि स्क्रूवरचं तेल पुसा, माउंट रेलच्या खाचेत पुढे रेटून मग कसा, दोन्ही स्क्रू आलटून पालटून. बेताचंच कसा, अति जोर लावला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावलाच तर निळा, लाल नाही.

झीरो करायला, म्हणजे ठिपका आणि गोळी एकाच जागी जुळवायला, २५ मीटरपासून सुरुवात करा. बोल्ट काढलेल्या नळीतून टार्गेटचा मध्य बघा आणि रायफल न हलवता ठिपका तिथे आणा. मग पाच गोळ्यांचा ग्रुप, त्याच्या मध्यावरून दुरुस्ती. एका गोळीवरून कधीच नाही. साइटच्या दुरुस्तीच्या स्क्रूची १ एमओएची क्लिक (एक टप्पा) २५ मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर सरकवते. स्वस्त साइटमध्ये क्लिक फिरवूनही ठिपका लगेच हलत नाही आणि दोन गोळ्यांनंतर एकदम उडी मारतो. म्हणून क्लिक दिल्यावर पेचकसाच्या मुठीने साइटवर हलकेच ठोका. शेवटचं झीरो ५० मीटरवर करा. मानक वेगाच्या काडतुसाने आणि नळीपासून ४ सेंटिमीटर उंचीच्या साइटने गोळी मग २५ मीटरवर साधारण १ सेंटिमीटर वर आणि १० मीटरवर तेवढीच खाली लागते. काडतुसाचा ब्रँड बदलला की झीरो पुन्हा तपासा.

रेंजच्या पिशवीत शस्त्र परवाना, माउंटची ॲलन की, मऊ कापड आणि मार्कर ठेवा. झीरो पक्का झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर मार्करची एक रेघ ओढा. पन्नासेक गोळ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली, तर ग्रुप बिघडल्याचा दोष काडतुसांना देण्याआधी स्क्रू कसा.