पाककृतींची वार्षिक डायरी काढताना या चुका टाळा

महिला मंडळे, बचत गट आणि छोटे प्रकाशक घरगुती वापराची जी डायरी काढतात, तीत तिथी-वार, रोजच्या नोंदीचे पान, हिशोबाचे तक्ते आणि पाककृती असा सगळा ऐवज एकत्र येतो. त्यात राहिलेली चूक वर्षभर ओट्याशेजारी उघडी असते आणि तिच्यावर विसंबून कोणीतरी पीठ भिजवते, उपवास सोडते किंवा दूधवाल्याचे पैसे चुकते करते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गेल्या वर्षीच्या फाइलवर केवळ नवे वार चढवणे. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला गेली आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरवर सरकले. जुन्या मांडणीत मोदक ऑगस्टमध्ये आणि फराळ ऑक्टोबरमध्ये तसाच राहिला, तर पाककृती अचूक असूनही निरुपयोगी ठरते. म्हणून आधी नव्या पंचांगावरून तिथी पक्क्या कराव्यात, त्या दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्याव्यात आणि मगच पाककृतींना पाने द्यावीत.

पाककृती ऐन सणाच्या पानावर छापणे हीसुद्धा चूकच आहे. उकडीच्या मोदकांच्या पिठीसाठी तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळावे लागतात; चकलीची भाजणी भाजून, निववून गिरणीतून आणावी लागते; कुरडयांचे गहू तर तीन दिवस भिजत असतात. चतुर्थीच्या सकाळी पिठीची कृती वाचून काय करायचे? तयारीची पाककृती सणाच्या आठ-दहा दिवस आधीच्या पानावर, आणि वाळवणांच्या कृती मार्च सुरू होतानाच द्याव्यात. उपवासाच्या पदार्थांतही लक्ष ठेवावे लागते. एकादशीच्या पानावरच्या बटाट्याच्या भाजीत सवयीने हळद, मोहरी आणि हिंग लिहिले गेले, तर बहुतेक मराठी घरांत ती भाजी उपवासाला चालणार नाही.

संकष्टीच्या चंद्रोदयाची एकच वेळ सर्व महाराष्ट्रासाठी छापू नये. मुंबईपेक्षा नागपूरला चंद्र वीस-पंचवीस मिनिटे आधी उगवतो, त्यामुळे वेळ कोणत्या शहराची आहे हे लिहिलेच पाहिजे. ईदसारख्या सणापुढे ‘चंद्रदर्शनावर अवलंबून’ ही टीप असावी, कारण डायरी दिवाळीच्या सुमारास विक्रीला आणायची तर ती कितीतरी आधी छापखान्यात जाते.

प्रमाणांच्या बाबतीत मात्र कितीही काटेकोरपणा केला तरी तो थोडाच आहे. दहा घरांतून आलेल्या पाककृतींत दहा आकारांच्या वाट्या असतात. ‘या डायरीत वाटी म्हणजे १५० मिलिलिटर’ असे एखादे माप ठरवून ते सुरुवातीलाच छापावे आणि प्रत्येक पदार्थ त्या मापाने एकदा प्रत्यक्ष करून पाहावा. चकलीचे मोहन जास्त झाले तर ती तेलात विरघळते, कमी पडले तर कडक होते, आणि असा दोष कागदावरचे प्रूफ वाचून कधीच कळत नाही. दुसरा धोका अक्षरजुळणीत आहे. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये (संगणकावरील अक्षरांच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत) आणताना अपूर्णांकातली तिरकी रेघ गळते आणि ‘१/२ चमचा पापडखार’ याचे ‘१२ चमचा पापडखार’ होते. यावर सोपा उपाय म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, दीड हे शब्द अक्षरांतच लिहावेत. ‘चवीपुरते मीठ’ याचे ‘चवीपुरते पीठ’ झाले, तर संगणकाची शुद्धलेखन तपासणी ते पकडणार नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. त्यामुळे एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून ताडावे, ही जुनी पद्धत सोडू नये.

पानांचे गणित आधी करावे. फॉर्म म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा संच; सोळा पानांचा एक फॉर्म धरला तर २४ फॉर्मची ३८४ पाने होतात. रोजचे एक पान धरून ३६५ आणि महिन्याच्या हिशोबाची १२ पाने गेली की उरतात फक्त सात. शीर्षकपान, अनुक्रमणिका, पाककृतींची सूची आणि जाहिराती त्यांतच बसवायच्या असतात, आणि ऐनवेळी एखादी जाहिरात वाढली की बळी जातो तो सूचीचा. सूचीशिवाय जुलैतली कृती डिसेंबरमध्ये सापडत नाही, हे मंडळातील सर्वांनी आधीच मान्य करून घ्यावे. दुधाच्या आणि मोलकरणीच्या खाड्यांच्या तक्त्यात ३१ रकाने आहेत ना, हेही मोजावे.

कागद गुळगुळीत आर्ट पेपर नसावा, कारण त्यावर शाई पसरते. मॅपलिथो, म्हणजे चकचकीत लेप नसलेला कागद, घ्यावा आणि डमीवर (त्याच कागदाच्या कोऱ्या नमुना प्रतीवर) जेल पेनने लिहून मागच्या पानावर काय दिसते ते पाहावे. बांधणी शिलाईचीच हवी. केवळ डिंकावर चिकटवलेली डायरी ओट्यावर सपाट उघडी राहत नाही आणि जोर दिला की पाने सुटतात.

छपाईनंतर चूक सापडली तर तिचे स्वरूप पाहून निर्णय घ्यावा. बांधणी झालेली नसेल आणि चूक तिथीची किंवा प्रमाणाची असेल, तर तेवढा एक फॉर्म पुन्हा छापावा. बांधणी झाली असेल तर दुरुस्तीची चिकटपट्टी त्याच ओळीवर लावावी. सुटे शुद्धिपत्र पहिल्याच आठवड्यात डायरीतून गळून पडते.