चिनी अक्षर लिहायचं म्हणजे हात आधी कुठून सुरू करायचा?

चिनी अक्षर चित्रासारखं बघून उतरवू नका, प्लीज. मी सुरुवातीला तेच करायचे, कागदावर दिसायला बरोबर दिसायचं पण दुसऱ्या दिवशी आठवायला गेलं की काहीच नाही, कारण हाताला रस्ताच माहीत नव्हता. स्ट्रोक ऑर्डर म्हणजे तो रस्ता.

आधी स्ट्रोक ओळखा. पेन टेकवल्यापासून उचलेपर्यंत जे होतं तो एक स्ट्रोक, मग मध्ये वळण आलं तरी एकच. हंग म्हणजे आडवी रेघ, शू उभी, फ्ये म्हणजे डावीकडे खाली उतरणारी तिरकी, ना उजवीकडे उतरणारी, त्येन म्हणजे टिंब. योंग नावाचं एक अक्षर आहे, अर्थ कायमचं, त्यात स्ट्रोक फक्त 5 पण सुलेखनात मानलेल्या 8 मूळ हालचाली सगळ्या येतात, म्हणून सरावाला शतकानुशतकं तेच घेतात.

आता नियम. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, हे सोपंय. पुढचा नियम मात्र आपल्याला जड जातो: आडवी आणि उभी एकमेकींना छेदत असतील तर आडवी आधी. दहा म्हणजे शी, दिसतं अधिकच्या चिन्हासारखं, त्यात आडवी आधी आणि मग उभी. आपल्या हाताला शिरोरेघ शेवटी द्यायची सवय असते ना, त्यामुळे वरची आडवी रेघ दिसली की हात तिला आपोआप मागे ठेवतो, ही सवय मोडायला मला बरेच दिवस लागले.

दुसरी अडचण चौकोनाची. तोंड म्हणजे खौ, नुसता चौकोन, आणि आपण तो एका दमात गोल फिरवून काढतो नाहीतर चार रेघांत. दोन्ही चूक, त्याचे स्ट्रोक 3. आधी डावी उभी, मग वरची आडवी आणि पेन न उचलता तिथूनच उजवी बाजू खाली, शेवटी तळाची रेघ. चौकोनाच्या आत काही असेल तर तळाची रेघ थांबते, आतलं सगळं लिहून झाल्यावरच ती द्यायची. चिनी मुलांना हे शिकवताना म्हणतात, आधी घरात शिरा, मग दार लावा. देश म्हणजे ग्वो, त्याचे 8 स्ट्रोक, दार आठवं.

मधला भाग आणि दोन्हीकडे सारखं काही असेल तर बहुतेक वेळा मधलं आधी, लहान म्हणजे श्याओ असंच लिहितात. पण आग म्हणजे ह्वो, तिथे बाजूची दोन टिंबं आधी. असे अपवाद पाठच करावे लागतात, लॉजिक शोधत बसू नका.

अजून एक, चिनी शिकत असाल तर जपानी व्हिडिओ बघून गिरवू नका. राजा हे अक्षर दोन्हीकडे दिसतं सारखं, पण चीनमध्ये दोन आडव्या, मग उभी, मग तळाची आडवी, आणि जपानमध्ये पहिल्या आडवीनंतर लगेच उभी. चीनच्या 2013 च्या अधिकृत यादीत 8105 अक्षरं आहेत, त्यांचा क्रमही सरकारने ठरवून दिलाय, आणि तैवानचा क्रम काही अक्षरांत वेगळा पडतो. एक पद्धत धरा आणि तीच ठेवा.

सरावाला थ्येन-त्स-ग घ्या, म्हणजे ज्या चौकटीत मध्ये एक आडवी आणि एक उभी तुटक रेघ असते तो कागद, मिळाला नाही तर पट्टीने आखा. अक्षर मोठं काढा आणि प्रत्येक स्ट्रोकला मनात आकडा म्हणा. लांबीकडे लक्ष द्या हं, कारण माती आणि विद्वान या दोन अक्षरांत तेच तीन स्ट्रोक त्याच क्रमाने येतात, मातीत खालची आडवी लांब आणि विद्वानात वरची, बास, तेवढ्याने अर्थ बदलतो.

एका अक्षराच्या पानभर ओळी काढायची गरज नाही, पाचसहा वेळा गिरवा, मग पान झाकून एकदा आठवणीतून लिहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही न बघता परत. मध्येच अडकलात तर तिथून पुढे जोडू नका, पहिल्या स्ट्रोकपासून पुन्हा.