'अंपायर' कुठून आला? शब्दाचं मूळ शोधताना

मैदानात अंपायर म्हणून उभा राहिलो की पांढऱ्या कोटाच्या खिशात सहा खडे असतात. चेंडू पडला की एक खडा या खिशातून त्या खिशात. परवा पाण्याच्या वेळी एका पोराने विचारलं, "काका, अंपायर हा एम्पायरवरून आला का?"

नाही. एम्पायर लॅटिन 'इम्पेरिअम'मधून आला, अंपायरशी त्याचं नातं नाही. कानाला जुळलं म्हणून मूळ जुळवायचं नाही, हे आधी ठरवून टाका. मग शब्दकोश उघडा, पण अर्थ वाचून मिटू नका. मोठ्या ऑक्सफर्ड कोशात शब्दाची जुनी रूपं दिलेली असतात, ती नीट बघा. अंपायरचं चौदाव्या शतकातलं रूप आहे 'नूम्पेर'. सुरुवातीला चक्क न!

हा न गेला कुठे? 'अ नूम्पेर' असं भरभर दहादा म्हणा. 'अन् ऊम्पेर' ऐकू यायला लागेल. ऐकणाऱ्यांनी तो न आर्टिकलला देऊन टाकला.

लगेच खूश होऊ नका, तसेच आणखी शब्द शोधा. एप्रन आधी 'नेप्रन' होता. निकनेममध्ये उलटं झालं: 'अन् ईकनेम', म्हणजे जोडीचं नाव, त्यातला न नावाला चिकटला. ऑरेंजच्या बाबतीत मात्र फसायला होतं. आपलं नारिंग त्याच कुळातलं, त्यामुळे तिथलाही न इंग्रजांनीच घालवला असं वाटतं. पण तो इंग्रजीत येण्याआधीच गेला होता. म्हणून अक्षर गळलं हे कळल्यावर कोणत्या भाषेत गळलं, तेही तपासायचं.

आता शब्द फोडा. जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉन' म्हणजे नाही, 'पेर' म्हणजे बरोबरीचा, जोडीचा. ज्याला जोड नाही तो, विषम. दोघांचं भांडण मिटवायला बसलेला तिसरा माणूस. क्रिकेटचे 1744चे नियम लिहिले गेले तेव्हा हा शब्द लवादासाठी कित्येक पिढ्या वापरात होता.

मराठीत आपण अंपायरला पंच म्हणतो. पंच म्हणजे पाच, आणि पाचही विषमच! हे मला फार आवडतं. पण दोन्ही शब्दांचा उगम एक नाही, हेही त्या पोराला तिथल्या तिथे सांगितलं. मग खडे परत एका खिशात भरले आणि स्टंपमागे जाऊन उभा राहिलो.