कॅन्सरच्या ट्रायलमध्ये भाग घेताय? या चुका टाळा

ट्रायल म्हणजे नवे उपचार माणसांवर तपासून पाहणारा अभ्यास. त्यात सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे बाहेरून घेतलेल्या गोळ्या लपवणं. "ते औषध नाही हो, नुसतं हर्बल आहे," हे वाक्य ट्रायलची कोऑर्डिनेटर म्हणून मी सतत ऐकते.

एका गृहस्थांना नव्या औषधाचा छान गुण येत होता, स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली दिसत होती. अचानक त्यांचे लिव्हरचे रिपोर्ट बिघडले, एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) भलतंच वाढलं. संशय ट्रायलच्या औषधावरच जाणार. "आणखी काही घेता का?" असं खोदून खोदून विचारलं, तरी उत्तर "नाही". पुढच्या खेपेला त्यांच्या मुलीने चष्मा शोधायला पिशवी उपसली, तर तळाशी बिनलेबलची बाटली. ताकद येण्याच्या कॅप्सूल, कुणीतरी सुचवलेल्या. तोवर प्रोटोकॉलप्रमाणे, म्हणजे ट्रायलच्या ठरलेल्या नियमांप्रमाणे, औषध कायमचं बंद झालं होतं. लागू पडलेलं औषध हातचं गेलं, याची हळहळ मला आजही वाटते.

'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी नव्हे. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती मन उदास असलं की अनेक जण घेतात. इरिनोटेकान या केमोच्या औषधाबरोबर ती घेतली, तेव्हा त्याच्या सक्रिय घटकाचं रक्तातलं प्रमाण ४२ टक्क्यांनी घटलं होतं. म्हणून मी पहिल्याच भेटीत सांगते, यादी नको, घरातल्या सगळ्या बाटल्या आणि स्ट्रिप्स पिशवीत भरून आणा.

गोळ्यांची डायरी वेटिंग रूममध्ये बसून भरू नका. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या लगेच ओळखू येतात. डोस चुकला तर 'चुकला' असंच लिहा.

"मला प्लासिबो देऊन मरायला सोडतील" या भीतीने मागे फिरू नका. प्लासिबो म्हणजे दिसायला औषधासारखी, पण आत औषध नसलेली गोळी. परिणामकारक उपचार उपलब्ध असताना पेशंटला नुसत्या प्लासिबोवर ठेवत नाहीत. बहुतेकदा तो नेहमीच्या उपचारांच्या जोडीने असतो. निरोगी लोकांवरच्या प्रतिबंधक ट्रायलमध्ये मात्र तो सर्रास असतो.

संमतीपत्रावर उभ्या उभ्या सही करू नका. घरी न्या, वाचा, फेज म्हणजे ट्रायलचा टप्पा कितवा ते विचारा. पहिल्या फेजचा मुख्य प्रश्न असतो सुरक्षित डोस किती. तिथे बरं होण्याची खात्री कुणी देत असेल तर सही करू नका.

ट्रायलची चौकशी दुसरा उपचार सुरू करण्याआधी करा. नंतर पात्रता हुकू शकते.

गोळ्या संपल्या की गायब होणं ही माझ्या मते दुसरी मोठी चूक. 'सिलेक्ट' या ट्रायलमध्ये ३५ हजारांहून अधिक पुरुष होते. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमने प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो का, हे पाहायचं होतं. फायदा दिसेना, म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. लोक मात्र फॉलो-अपला येत राहिले, आणि २०११ मध्ये कळलं की नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत हा कॅन्सर प्लासिबोवाल्यांपेक्षा १७ टक्के जास्त होता. ती माणसं घरी बसली असती तर हा धोका उघड झाला नसता. ट्रायल कधीही सोडायचा हक्क तुम्हाला आहेच, त्याने तुमचे नेहमीचे उपचार अडत नाहीत. फक्त सोडताना सांगून सोडा; काही औषधं एकदम बंद करून चालत नाहीत.

आणि खर्चाचं विचारायला लाजू नका. प्रवास, जादा तपासण्या, इजा झाली तर उपचार हे कोण भरणार, त्याचं उत्तर संमतीपत्रात लेखी असलं पाहिजे.